बातम्या बघून जीव घाबरतो, बघितल्या नाही तरी चैन पडत नाही

"मॅडम, ह्यांना जरा सांगा ना टीव्ही बंद करायला." ही तक्रार माझ्याकडे सोलापुरातल्या सगळ्या भागांतून येते, जुळे सोलापूर असो, साखर पेठ असो नाहीतर विडी घरकुल. बातम्या लावल्या की छातीत धडधड आणि बंद केल्या की आपल्याला काहीतरी कळायचं राहिलं म्हणून घालमेल, आणि या सगळ्यात घरात भांडणं. लोक विचारतात हा आजार आहे का, की आमचंच मन कमजोर झालंय. एका केसमधून सांगते. त्या घराची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की हातात पाना घेऊन धावणारा माणूस. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर, लावला आणि इथून ह्यांची झोप उडाली. सोलापूरचा टेरी टॉवेल बाहेर देशात जातो हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे भीती काही उगाच नव्हती, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण तोवर घरातले सगळे "उगाच टेन्शन घेता" एवढंच म्हणत होते आणि ते ऐकून ते अजून चिडत होते. रात्री दोनला उठायचं, बायकोला उजेड नको म्हणून चादर डोक्यावर घेऊन यूट्यूब लावायचं, एकच बातमी चार चॅनलवर बघायची. त्यात सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला, हायवेवर पाणी, बहिणीचं घर मोहोळ तालुक्यात, फोन लागेना. मग तर काय, घास तोंडात आणि डोळे टीव्हीवर, आणि मधेच मोठ्याने, "संपलं सगळं, रस्त्यावर येणार आपण." समोर बारावीची मुलगी जेवत असायची.

बायकोने रिमोट लपवला, तर हे शेजारी जाऊन बसायला लागले.

मी टीव्ही बंद करा म्हटलं नाही. पोट ज्या धंद्यावर आहे त्याची खबर माणूस ठेवणारच, ठेवायलाच पाहिजे. पण खबर ठेवणं वेगळं आणि तेच ते तासन् तास बघत बसणं वेगळं, आणि ह्याचा शरीरावर परिणाम होतो हे अभ्यासातून दिसलंय. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना प्रश्न विचारले, तर पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे मी येडा नाही."

मग मी त्यांना एक काम दिलं. मोबाईलवरची बातमी मला वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचली, हाहाकार, कंबरडं मोडलं, संकटाचा डोंगर, मोठा भूकंप, आणि वाचतानाच आवाज चढत गेला, मान ताठ झाली. आता हीच बातमी तुमच्या आईला सांगा, त्या समोर बसल्यात असं समजून, त्यांना कळेल अशा बोलण्यात. ते अडखळले. "आई, अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर टॅक्स वाढवलाय. म्हणून तिकडचे व्यापारी कमी माल घेतील." पुढे? "आमच्या कारखान्याचा माल..." इथे थांबले. किती माल अमेरिकेला जातो? माहीत नाही. मालक काय म्हणाले? विचारलंच नाही. एवढे दिवस बातम्या बघितल्या पण ज्याच्यासाठी बघत होते तोच प्रश्न कुणाला विचारला नव्हता!

का विचारला नाही ते नंतर हळूहळू बाहेर आलं. त्यांचे वडील गिरणी कामगार. सोलापुरात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता पत्ता सांगायला उरलीत. वडील रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे, आणि घरात त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचं नाही. पोराने ते बघितलं होतं. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, की बातमी अमेरिकेची होती पण भीती घरातलीच होती, आणि तिला कधी कुणी बोलूच दिलं नव्हतं.

त्यांनी मालकांना विचारलं. कळलं की अमेरिकेची ऑर्डर आहे पण सगळा धंदा तिच्यावर नाही, देशातल्या हॉटेलांनाही माल जातो, मात्र आठवड्यात एक पाळी बंद ठेवणार. म्हणजे झळ बसलीच, पगार कमी आला. पण आकडा कळल्यावर नवरा-बायको वही घेऊन बसले, हप्ता, मुलीची फी, किराणा, आणि सणाला होणारी खरेदी पुढे ढकलली. त्या रात्री पण झोप लागली नाही म्हणाले, पण मोबाईल घेतला नाही.

बाकी मग साधं ठरवलं. सकाळी चहाबरोबर छापलेला पेपर, संध्याकाळी एकदा बातम्या, नोटिफिकेशन बंद, मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. काळजी करायला पण संध्याकाळची ठरलेली वीस मिनिटं, दिवसभर जे डोक्यात येईल ते कागदावर टिपून त्या वेळेसाठी ठेवायचं, लोकांना हे ऐकून विचित्र वाटतं पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. आणि वहिनींना सांगितलं की "बंद करा" ऐवजी "आज काय वाचलं, मला सांगा की" असं म्हणून बघा. सांगायला लागले की त्यांचा आवाजच खाली येतो असं त्या म्हणाल्या. मुलीला मात्र वेगळं बोलावलं, तिला वाटत होतं आपलं कॉलेजच रद्द झालंय, कारण बाबांचं "संपलं सगळं" तिने खरं धरलं होतं. वडिलांनी स्वतः तिला बसवून खर्चाचं पान दाखवलं.

अजूनही ते कधीकधी रात्री उठतात. मोठी बातमी आली की आठवडाभर त्रास होतो. पण आता घरात बोलतात.

तुमच्या घरात असं असेल आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कामावर जावंसं वाटत नाही, दारू वाढलीय किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघतंय, तर वाट बघू नका, मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं आणि रात्री दोनलाही फोन उचलतात.