जळगावच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात घरचं खारं पाणी: दोन ड्रम, एक पंप, चार व्हॉल्व्ह

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जळगावात घरी ४ फुटी मरीन टाकी (समुद्री मासे-कोरलांची) आहे, सम्प म्हणजे खालची फिल्टरची टाकी धरून ३०० लिटर पाणी, आठवड्याला १० टक्के बदल. आतापर्यंत बादलीत मीठ कालवत होतात, आता दोन ड्रम आणि पंप बसवून कायमची सोय करायची आहे. कोणते ड्रम घ्यावेत आणि पाइपजोडणी कशी करावी, हे तुम्ही विचारलंय.

ड्रम, पाइप, पंप हे काम एका रविवारी उरकतं. आपल्याकडे असं मीठ कालवायचं स्टेशन बिघडतं ते दोन जागी: आरओचं पाणी आणि मे महिन्याची उष्णता. म्हणून पैसा आणि लक्ष आधी तिथे द्या.

पाण्याचा हिशेब असा. आठवड्याला ३० लिटर बदलासाठी. उन्हाळ्यात ४ फुटी टाकीतून रोज ५-६ लिटर सहज उडतं, तेही साध्या आरओ पाण्यानेच भरायचं, म्हणजे आणखी ४० लिटर. आठवड्याला ७०-७५, महिन्याला ३०० लिटर आरओ. एकास तीन वेस्ट धरलं तर त्यामागे ९०० लिटर बाहेर जाणार. नळाला रोज पाणी येत नसेल तर साठा मोठा हवा. त्यामुळे आरओचा ड्रम २०० लिटरचा घ्या, मिठाच्या पाण्याला १०० लिटरचा पुरतो.

शक्य असेल तर आरओला बोअरचं नाही, महापालिकेचं पाणी द्या. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८०० असेल आणि मेंब्रेन ९६ टक्के क्षार अडवत असेल, तरी पलीकडे ३२ येतो. तेच ४०० च्या पाण्याला १६. मेंब्रेननंतरचं डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे, हा उरलेला भार उचलतं, म्हणजे निम्म्या टीडीएसला ते साधारण दुप्पट टिकतं. शिवाय बोअरच्या कडक पाण्याने मेंब्रेनवर चुन्याचा थर बसतो. बोअरशिवाय इलाजच नसेल तर मेंब्रेनच्या आधी अँटिस्केलंट (चुन्याचा थर रोखणारं) काडतूस लावा आणि वेस्ट कमी करायच्या मोहात फ्लो रिस्ट्रिक्टर (वेस्टचा प्रवाह रोखणारा भाग) आवळू नका. मेंब्रेन त्यानेच लवकर मरतं.

घरात पिण्याचा आरओ आहे, त्यातूनच घेऊ का, हा पुढचा प्रश्न येतोच. घेता येतं, पण तयार पाण्याच्या नळातून नाही. पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस बसवलेलं असतं. कंट्रोलर म्हणजे थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळणारा छोटा व्हॉल्व्ह. मेंब्रेनच्या हाउसिंगमधून निघणारी प्रॉडक्टची पाव इंची नळी तिथेच टी लावून फोडा आणि ती थेट डीआयच्या काडतुसात न्या. बाकी क्रम नेहमीचा: ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, ७५ किंवा ८० जीपीडीचं (दिवसाला इतके गॅलन) मेंब्रेन, डीआय. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की स्पन फिल्टर तारखेची वाट न पाहता बदला. कार्बनकडेही दुर्लक्ष नको, पाण्यातला क्लोरिन मेंब्रेन खातो.

टीडीएस मीटर दोन ठिकाणी लावा, मेंब्रेननंतर आणि डीआयनंतर. डीआयनंतर कायम ० हवा. १ किंवा २ दिसायला लागला की रेझिन संपत आलंय असं समजा, पुढचा महिना ओढू नका. रेझिन संपताना सिलिकेट आधी सुटतं, आणि काचेवरचं तपकिरी शेवाळ मग हटता हटत नाही. आणखी एक. आरओ बंद राहिला की मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे व्हायला लागतात, त्यामुळे चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी चढ्या टीडीएसचं येतं. डीआयच्या आधी एक टी आणि छोटा व्हॉल्व्ह ठेवा आणि तेवढं पाणी बाहेर काढा. रेझिनचा बराच खर्च एवढ्यानेच वाचतो.

ड्रम नवे, फूड ग्रेडचे, झाकणाचे. एमआयडीसीतले किंवा केळीच्या बागेत खत-औषध कालवलेले जुने निळे ड्रम कितीही धुतले तरी घेऊ नका. प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन पुढे महिनोन्महिने सुटत राहतं. आतून पांढरा असलेला बरा, तळाला काय साचलंय ते दिसतं. झाकणाला हवेसाठी भोक पाडलं तर त्यावर जाळी लावा. साठवलेल्या गोड्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायला आठवडा पुरतो.

आरओच्या ड्रमवर फ्लोट व्हॉल्व्ह लावून भागत नाही. बूस्टर पंप असतो, त्यामुळे फ्लोटने पाणी अडवलं तरी पंप दाबत राहतो. सोबत हाय प्रेशर स्विच हवा किंवा पंपाचा पुरवठाच तोडणारा फ्लोट स्विच. वर ओव्हरफ्लोचा पाइप काढून मोरीत सोडा.

पाइप आणि फिटिंगच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ठिबकच्या दुकानात प्लास्टिकचे बॉल व्हॉल्व्ह, युनियन, टँक कनेक्टर सगळं मिळतं. पाइप मात्र शेतीचा करडा नको, पिण्याच्या पाण्याचा, लेड-फ्री लिहिलेला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी घ्या, २५ मिमी किंवा एक इंची. नळाच्या दुकानदाराने सवयीने पितळी टँक निपल दिला तर तो परत करा. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायी आधी जातात. याच कारणासाठी एसीचं गोळा केलेलं पाणीही वापरू नका, ते तांब्याच्या कॉइलवरून येतं. सोल्यूशन लावलेले जोड २४ तास वाळू द्या आणि मग पहिलं पाणी भरून फेकून द्या.

जोडणी अशी. दोन्ही ड्रम शेजारी शेजारी, तळाजवळून दोघांचे आउटलेट एका पाइपात, तो पाइप पंपाला. पंपानंतर दोन फाटे: एक मिठाच्या ड्रममध्ये वरून परत, दुसरा टाकीकडे जाणाऱ्या नळीला. चारही फाट्यांवर एकेक व्हॉल्व्ह, आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे साफ करायला पंप सुटतो.

१ नंबर आरओचा आउटलेट, २ मिठाचा आउटलेट, ३ मिठाच्या ड्रममध्ये परत, ४ टाकीची नळी. मिठाच्या ड्रममध्ये पाणी घ्यायचं तर १ आणि ३ उघडा. ढवळायचं तर २ आणि ३. टाकीत सोडायचं तर २ आणि ४. १ आणि २ कधीही एकत्र उघडायचे नाहीत. दोन्ही ड्रमची पातळी सारखी व्हायला धावते आणि मिठाचं पाणी आरओच्या ड्रममध्ये शिरतं. ते लक्षात आलं नाही तर रोजच्या टॉप-अपमधून (उडालेलं पाणी भरताना) टाकीची क्षारता चढत जाते, आणि लोक कारण मिठात शोधत बसतात. व्हॉल्व्हवर पेंटने नंबर टाका आणि १ नंबरची मूठ काम झालं की काढूनच ठेवा. टॉप-अपचं पाणी या पंपातून घेऊ नका, त्यात खारं पाणी उरलेलं असतं. आरओच्या ड्रमला त्यासाठी वेगळा प्लास्टिकचा नळ लावा.

पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचा, सिरॅमिक शाफ्टचा, ताशी २०००-३००० लिटरचा, ड्रमच्या तळाच्या पातळीला बसवलेला. कूलरचा पंप इथे चालत नाही, त्याच्या शाफ्टला आणि स्क्रूला खाऱ्या पाण्यात गंज धरतो. टाकी दुसऱ्या खोलीत असेल तर खोक्यावरचा मॅक्स हेडचा आकडा बघा. तेवढ्या उंचीवर पाणी शून्य येतं, तुम्हाला त्याच्या निम्म्यात काम भागवायचंय. बोर्ड पाण्याच्या वर आणि बाजूला ठेवा, वायर आधी खाली लोंबून मग बोर्डाकडे चढू द्या, आणि त्या लाइनला ३० मिलीअँपची आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) लावाच.

आता मीठ, म्हणजे मरीन टाकीचं पाकिटातलं मीठ. ८० लिटर आरओसाठी लिटरला ३७ ग्रॅमने साधारण ३ किलो लागतं. आधी २.८ किलो टाका, बाकी मोजून. मीठ नेहमी फिरत्या पाण्यात, मूठमूठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरी भुकटी होऊन बसतात. ती पुन्हा विरघळत नाही, त्या खेपेची केएच (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) कायमची गेली.

उष्णतेचं तेच आहे. पाणी जितकं गरम, तितका चुना लवकर खाली बसतो. मेमध्ये गच्चीच्या टाकीवरून आलेलं पाणी हाताला चटका देतं, त्यात मीठ टाकाल तर पंपाच्या इंपेलरवर दुसऱ्याच दिवशी खरखरीत पांढरा थर बोटाला लागेल. स्टेशन घराच्या थंड बाजूला, गच्चीवर कधीच नाही. मीठ पहाटे टाका. पाणी ३० च्या वर असेल तर आरओचंच पाणी बाटल्यांत गोठवून बंद बाटल्या ड्रममध्ये सोडा आणि २५-२६ वर आणा. पंपही पाणी तापवतो, म्हणून मीठ विरघळल्यावर टायमरवर तासाला १५ मिनिटं पुरे. उन्हाळ्यात मीठ कालवलेलं पाणी साठवू नका. साठा आरओचा ठेवा आणि बदलाच्या आदल्या दिवशी ४० लिटरला दीड किलोच कालवा. थंडीत ८० लिटर करून दोन आठवडे वापरलं तरी चालतं. आरओ मात्र थंडीत हळू चालतो, त्याला बिघाड समजू नका.

चार-पाच तासांत पाणी नितळ दिसलं तरी मोजमाप १२ तासांनी करा. हवं ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर आणून पुरत नाही, ३५ जवळ तो चुकलेला असू शकतो. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ (सोडियम क्लोराइड) आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर समुद्राच्या ३५ सारखंच दिसतं. बाटली घट्ट बंद ठेवा, पाणी उडालं की द्रावण चढतं. यंत्रावर एटीसी (तापमानाचा फरक आपोआप सुधारणारी सोय) लिहिलेलं असलं तरी ते बहुधा १० ते ३० अंशांपुरतंच असतं, त्यामुळे ४० अंशांच्या दुपारी मोजू नका.

१ पीपीटी वाढवायला ८० लिटरला साधारण ८५ ग्रॅम मीठ. ३६ झालं असेल तर ३५ ला आणायला सव्वादोन लिटर आरओ. मग केएच तपासा. पाकिटावर ८ असून ६.५ आली तर मीठ वाईट म्हणण्याआधी पाणी किती गरम होतं ते आठवा.

मिठाची पिशवी कूलरच्या झोतात किंवा पावसाळ्यात उघडी राहिली की गोळे होतात. डब्याला घट्ट झाकण हवं, आणि वापरण्याआधी डबा जमिनीवर आडवा लोळवा, कारण बारीक-जाड कण वेगळे बसलेले असतात.

पाणी बदलताना सम्पचा रिटर्न पंप, हीटर आणि ऑटो टॉप-अप आधी बंद करा. टॉप-अप चालू राहिला तर तुम्ही काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी तो गोडं भरतो. दर दोन-तीन महिन्यांनी पंप आणि ड्रम सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने धुवा.

आरओचं वेस्ट फरशी, संडास, गाडी धुवायला वापरा. ७०० टीडीएसच्या पाण्याचं वेस्ट ९३० च्या आसपास येतं, कूलरच्या गवतावर त्याचा थर बसतो. टाकीतलं काढलेलं खारं पाणी मात्र गटारातच. परसात, शोषखड्ड्यात, विहिरीजवळ किंवा केळीच्या बुडाशी ओतू नका, केळीला खारं पाणी अजिबात सोसत नाही आणि पानांच्या कडा करपायला लागतात.