मुंग्या कोणाच्या?

ताई,
आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे. तिच्या फटीतून आमच्या ओट्यावर मुंग्यांची रांग लागते. काकू म्हणतात, "तुम्ही ओटा पुसत नाही, मुंग्या तुमच्याकडेच जन्मतात." मी फवारा मारला की दुसऱ्या दिवशी त्या दार वाजवतात, "तुमच्या मुंग्या आमच्याकडे पाठवल्यात का?" आता त्यांनी आमच्या उंबऱ्याला लागून पांढऱ्या पावडरीची रेघ ओढलीय. बोलणं जवळजवळ बंद आहे. आधी काय मिटवू, मुंग्या की भांडण?
– भिंतीअलीकडची

भिंतीअलीकडच्या मैत्रिणीस,

काकूंचं जे बोलणं तुम्हाला सगळ्यांत जास्त झोंबलंय, नेमकं तेच बरोबर असण्याची शक्यता आहे. तुम्ही फवारलं की मुंग्या त्यांच्याकडे जात असतील. ओट्यावर दिसतात त्या फक्त अन्न शोधायला निघालेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या हा सगळा संसार भिंतीत, फरशीखाली किंवा बाहेर कुठेतरी सुखात असतो. फवाऱ्याने वाटेवरच्या मरतात, बाकीच्या दुसरी वाट धरतात. त्यात ती फिकट पिवळसर, जेमतेम 2 मिलिमीटरची फॅरो मुंगी असेल तर फवारा म्हणजे आमंत्रणच. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या नांदतात. धोका जाणवला की त्यातल्या काही जणी अळ्या आणि कामकरी घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, आणि वर आगीच्या जागा दोन.

राहिला आळशीपणाचा टोमणा. मुंगी म्हणजे कष्टाचा पुतळा, असं सांगणाऱ्यांनी मुंग्या नीट पाहिलेल्या नसतात. टेम्नोथोरॅक्स नावाच्या बारीक मुंग्यांच्या वसाहतींवर प्रयोगशाळेत लक्ष ठेवलं, तेव्हा सुमारे 40 टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या उभ्या आढळल्या. कामसू मुंग्या काढून घेतल्यावर मात्र याच उभ्या असलेल्या पुढे आल्या. काकूंना हे लगेच ऐकवू नका.

आणि शेजाऱ्यांचंच म्हणाल, तर तुमचं भांडण फार सौम्य आहे. अमेरिकेच्या वाळवंटी भागात एक मुंगी शेजारणीच्या बिळात वरून खडे टाकते, म्हणजे शेजारीण बाहेरच पडत नाही आणि अन्न हिला मिळतं. दुसरी एक जात रात्री शेजारच्या बिळाचं तोंड वाळूखड्यांनी बुजवते. सकाळी शेजारणीचा वेळ दार उघडण्यात जातो. पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या तर लांबून आलेल्या परक्या मुंगीपेक्षा शेजारच्या वसाहतीच्या मुंगीवर जास्त चवताळून धावतात. हिशोब सरळ आहे. परकी एखाद दिवस वाट चुकून येते, शेजारीण मात्र रोज त्याच फांदीवर डोळा ठेवून असते. तुमची फांदी म्हणजे ती भिंत.

आता कामाचं. मुंग्या कोणाच्या हे आधी शोधा, पण भांडायला नव्हे, आमिष कुठे ठेवायचं ते कळायला. रांगेशेजारी साखरपाण्याचा एक थेंब आणि तेलाचा एक थेंब ठेवून वीसेक मिनिटं बघत बसा. गोडावर जमल्या तर पुढची कृती चालेल. तेलावरच गर्दी झाली तर गोड आमिषाकडे त्या ढुंकूनही बघणार नाहीत. पिऊन पोट फुगलेली मुंगी घराकडे चाललेली असते, तिच्या मागे डोळे लावा. दोन्ही घरांतल्या कुंड्याही बघा. पानांखाली मावा किंवा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल, तर मुंग्या त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी येतात आणि त्या किड्यांची राखणही करतात. अशा वेळी ओटा दिवसातून दहादा पुसला तरी फरक पडत नाही, आधी झाड स्वच्छ करावं लागतं.

आमिष असं करा. 200 मिलिलिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम साखर आणि 2 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. "थोडी जास्त घातली तर लवकर मरतील" हा मोह इथे नडतो. तीव्र झालं तर मुंग्या तोंड लावत नाहीत, किंवा घरी पोचायच्या आतच मरतात. आपल्याला त्या जिवंत घरी जायला हव्यात, कारण पोटातला रस त्या तोंडाने इतरांना भरवतात आणि तसाच तो राणीपर्यंत जातो. कापसाचा बोळा त्यात भिजवून, झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डबीत घाला आणि रांगेच्या कडेला ठेवा. मुलं आणि पाळीव प्राण्यांचा हात, तोंड पोचणार नाही अशीच जागा हवी. चमचा वेगळा ठेवा आणि डबीवर नाव लिहा. बोळा दर दोन-तीन दिवसांनी बदला, वाळला की उपयोग नाही. दोन-तीन आठवडे लागतील.

या काळात रांग पुसायची नाही. मुंग्या वासाच्या रेघेवर चालतात आणि तुम्हाला त्या डबीपर्यंत यायला हव्या आहेत. बाकीचा ओटा खुशाल पुसा. मुंग्या येणं थांबलं की मग ती वाट साबणाच्या पाण्याने धुवा (कोरड्या फडक्याने वास जात नाही) आणि फट बुजवा. आधी बुजवलीत तर त्या काकूंकडून निघतील.

म्हणूनच काकूंशी बोलणं टाळता येणार नाही. एका बाजूला आमिष आणि दुसऱ्या बाजूला पावडर, असं चाललं तर तीन आठवडे फुकट. दोन डब्या भरा आणि एक घेऊन त्यांच्या दारात जा. "चूक कोणाची" हा विषय काढू नका. एवढंच म्हणा, "काकू, वाट भिंतीतून आहे, दोन्हीकडे एकाच दिवशी ठेवायला लागेल. तोवर फवारा मी बंद करते, पावडर तुम्ही पुसून टाकाल का?" आधी फवारा तुमचा, मग पावडर त्यांची, या क्रमाने बोला.

आणि एक गोष्ट डबी हातात देण्याआधीच सांगा. पहिले दोन-तीन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील, कारण आमिषाची खबर घरी पोचलेली असते. हे नंतर सांगितलंत, तर काकू म्हणतील, तुम्हीच बोलावल्यात.

– ताई