अमेरिकी काँग्रेस परदेशी मदतीवर खरंच अंकुश ठेवते, की सुनावण्या हा नुसता देखावा असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पाकिस्तान, इजिप्त, अफगाणिस्तान अशा देशांना अमेरिकेने अब्जावधी डॉलर दिले, अशा मदतीवर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, तासन्‌तास सुनावण्या होतात, अधिकाऱ्यांना धारेवर धरलं जातं, पण त्यातून मदतीत किंवा प्रादेशिक सुरक्षा धोरणात काही बदलतं का?

सुनावणीतून फारसं नाही. मला या सुनावण्या बघायचा नाद आहे, त्यामुळे हे जरा अधिकारवाणीने सांगतो. प्रत्येक सदस्याला साधारण पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन तो स्वतः बोलण्यात घालवतो आणि उरलेल्या दोन मिनिटांत साक्षीदार म्हणतो, ‘याची माहिती घेऊन लेखी कळवतो.’ झालं. संध्याकाळी त्या सदस्याच्या मतदारसंघात व्हिडिओ फिरायला लागतो.

खरा अंकुश आहे तो खर्चाच्या कायद्यात. अमेरिकी राज्यघटनेनुसार काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. परदेशी मदतीचा मूळ कायदा 1961 सालचा, आणि मदतीचा सर्वंकष कायदा काँग्रेसने शेवटचा केला तो 1985 मध्ये. त्यानंतर धोरण ठरवणाऱ्या समित्या बऱ्याचशा बोलत राहिल्या आणि सत्ता हळूहळू सरकली वार्षिक खर्च मंजूर करणाऱ्या समित्यांकडे. त्यांच्या शेकडो पानी विधेयकांत ‘मात्र अट अशी की...’ अशी वाक्यं पेरलेली असतात. माझ्या मते देखरेख म्हणजे हीच वाक्यं. पण अशा बहुतेक वाक्यांच्या मागोमाग दुसरं एक वाक्य येतं. अमेरिकेच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास सरकार या अटीतून सूट देऊ शकेल! काँग्रेस दाराला कुलूप लावते आणि किल्ली दारातच ठेवून जाते.

पाकिस्तानचंच घ्या. 1985 ची प्रेसलर दुरुस्ती आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. पाकिस्तानकडे अणुस्फोटक साधन नाही, असा दाखला राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लेखी द्यायचा, तरच मदत चालू. ऐकायला कडक वाटतं. प्रत्यक्षात ती त्या वेळी पाकिस्तानसाठी पळवाटच होती, कारण सिनेटमध्ये त्याहून जाचक अटी चर्चेत होत्या आणि रेगन सरकारला अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध पाकिस्तान हवा होता. अणुकार्यक्रम पुढे सरकत होता आणि दाखलाही मिळत होता. फेब्रुवारी 1989 मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर पडला. ऑक्टोबर 1990 मध्ये थोरल्या बुश यांनी दाखला दिला नाही आणि मदत बंद पडली. पाकिस्तानने मागवलेली 28 एफ-16 विमानं अमेरिकेतच अडकली. त्यातले भरलेले पैसे सोडवायला 1998 उजाडलं, आणि तेव्हाही काही रोख मिळाली, काही गव्हासारख्या मालाच्या रूपात.

कायदा तोच, अट तीच. बदलली होती ती गरज. म्हणून ‘काँग्रेसने पाकिस्तानला वठणीवर आणलं’ असं कुणी प्रेसलरचं उदाहरण देऊन सांगितलं, की मला हसू येतं. व्हाइट हाउसला पाकिस्तानची गरज उरली नाही, तेव्हाच काँग्रेसच्या अटीला दात फुटले.

2009 मध्ये पुन्हा तोच खेळ, नव्या नावाने. केरी-लुगार-बर्मन कायद्याने पाच वर्षांसाठी 7.5 अब्ज डॉलरची नागरी मदत ठरवली आणि लष्करी मदतीला अटी घातल्या. दहशतवादी गटांविरुद्ध सातत्याने कारवाई हवी, सैन्याने राजकारणात आणि न्यायव्यवस्थेत ढवळाढवळ करू नये. कायद्याच्या मजकुरात दहशतवाद्यांचे अड्डे म्हणून क्वेट्टा आणि मुरिदके या शहरांची नावं आहेत! पाकिस्तानी सेनेच्या वरिष्ठांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, यावरून अटी झोंबल्या होत्या हे नक्की. पुढे मार्च 2011 मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी पाकिस्तान अटी पाळतोय असा दाखला दिला. 2 मे 2011 रोजी ओसामा बिन लादेन सापडला अबोटाबादमध्ये, पाकिस्तानी लष्करी अकादमीच्या जवळ. त्यानंतरही सरकारने मदतीची दारं पुरती लावली नाहीत. पुढच्या वर्षी दाखल्याऐवजी सूट वापरली, एवढाच फरक. पाकिस्तानची सुरक्षा मदत मोठ्या प्रमाणावर थांबली ती जानेवारी 2018 मध्ये, आणि तीही ट्रम्प सरकारच्या निर्णयाने.

इजिप्तची गोष्ट तर आणखी मजेशीर. तिथे मदतीमागे 1979 चा इस्रायलशी झालेला शांतता करार आहे, सुएझ कालवा आहे, आणि लष्करी मदतीचा आकडा गेली कित्येक दशकं ठरलेला आहे. वर्षाला 1.3 अब्ज डॉलर. खर्चाच्या कायद्यात एक जुनं कलम आहे, की निवडून आलेलं सरकार लष्करी उठावाने पाडलं गेलं तर मदत थांबवायची. जुलै 2013 मध्ये इजिप्तच्या सेनेने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. आता उठाव म्हणावा तर मदत थांबवावी लागते, आणि नाही म्हणावं तर जग हसतं. ओबामा सरकारने तिसराच मार्ग काढला. हा उठाव आहे की नाही हे ठरवण्याचं बंधन कायद्याने आमच्यावर घातलेलं नाही, म्हणून आम्ही ते ठरवतच नाही! काही शस्त्रं काही काळ अडवली आणि 2015 मध्ये सोडली. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्येही जुलै 2023 च्या उठावाला औपचारिकपणे ‘उठाव’ म्हणायला ऑक्टोबर उजाडला, कारण तिथल्या अगादेझ शहरात अमेरिकेचा ड्रोन तळ होता.

मग काँग्रेसच्या हातात काहीच नाही का? आहे, पण ते कायद्यात लिहिलेलं नाही. मोठा शस्त्रव्यवहार काँग्रेसला रीतसर कळवण्याआधी सरकार दोन्ही परराष्ट्र व्यवहार समित्यांचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य, अशा चौघांना अनौपचारिकपणे विचारतं. यातला एकजण ‘थांबा’ म्हणाला, की फाइल बहुतेकदा थांबते. याला ते होल्ड म्हणतात. हे सगळं पडद्याआड, नुसत्या प्रथेच्या बळावर चालतं. रीतसर मार्ग जवळजवळ निरुपयोगी आहे. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात ठरवलं, की राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना काँग्रेसला सरकारचा निर्णय रद्द करता येणार नाही. म्हणजे शस्त्रविक्री रोखायला आता नकाराधिकारावर मात करणारं दोन तृतीयांश बहुमत लागतं. 2019 मध्ये सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीच्या शस्त्रविक्रीविरुद्ध काँग्रेसने तीन ठराव संमत केले, ट्रम्प यांनी तिन्हींवर नकाराधिकार वापरला, आणि विषय संपला.

पण जी ताकद चार माणसांच्या हातात असते, ती विकतही घेता येते. बॉब मेनेंडेझ हे सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे इजिप्तची मदत अडवू शकणाऱ्या चौघांपैकी एक. त्यांच्या घरात सोन्याच्या लगडी आणि रोख रकमेची पाकिटं सापडली. जुलै 2024 मध्ये लाच घेतल्याबद्दल आणि इजिप्तसाठी काम केल्याबद्दल ते दोषी ठरले, जानेवारी 2025 मध्ये त्यांना 11 वर्षांची शिक्षा झाली. राखणदारच फितूर झाल्यावर अटींच्या मजकुराचा काय उपयोग?

हिशेब तपासण्याचं काम मात्र काँग्रेसने एकदा चांगलं करून घेतलं. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी 2008 मध्ये तिने एक खास महानिरीक्षक कार्यालय उभं केलं. त्याचे अहवाल वाचताना हसावं की रडावं कळत नाही. अफगाण सैनिकांच्या गणवेशासाठी जंगलात लपायला उपयोगी पडेल असं हिरवं नक्षीकाम निवडलं होतं, आणि त्या देशाचा जेमतेम 2.1 टक्के भाग जंगलाखाली. त्यावर जास्तीचे 2.8 कोटी डॉलरपर्यंत खर्च झाले असावेत असा त्यांचा अंदाज. 54.9 कोटी डॉलरच्या मालवाहू विमानांच्या प्रकल्पातली 16 विमानं शेवटी भंगारात गेली. अहवाल निर्भीड होते. फक्त ते यायचे तेव्हा पैसा खर्च होऊन गेलेला असायचा.

तुमच्या प्रश्नात प्रादेशिक सुरक्षा धोरणाचाही उल्लेख होता. तिथे स्थिती याहून वाईट आहे, कारण पैशाचा निदान हिशेब तरी असतो. ऑक्टोबर 2017 मध्ये नायजरमधल्या टोंगो टोंगोजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा सिनेटच्या सशस्त्र दल समितीतले लिंडसे ग्रॅहम टीव्हीवर म्हणाले, की नायजरमध्ये आपले हजारभर सैनिक आहेत हेच मला माहीत नव्हतं. ज्यांनी विचारायचं त्यांनाच पत्ता नाही.

आता जरा वेगळं. वर सांगितलेली सगळी भांडणं मंजूर पैसा कसा आणि कोणत्या अटींवर द्यायचा यावरची होती. पैसा द्यायचाच नाही, असंही सरकार करू शकतं का? निक्सन यांनी मंजूर निधी अडवून धरल्यावर काँग्रेसने 1974 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला होता. युक्रेनची 21.4 कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून ट्रम्प सरकारने हाच कायदा मोडला, असा निर्णय काँग्रेसच्याच हिशेब तपासणी संस्थेने जानेवारी 2020 मध्ये दिला. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

2025 मध्ये तर प्रकरण पार पुढे गेलं. परदेशी मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचे बहुतेक प्रकल्प रद्द झाले आणि 1 जुलैपासून ती संस्था जवळजवळ संपली. त्याच महिन्यात काँग्रेसने स्वतःच मंजूर केलेल्या परदेशी मदतीपैकी सुमारे 8 अब्ज डॉलर सरकारच्या विनंतीवरून परत घेतले. ऑगस्टअखेर सरकारने आणखी 4.9 अब्ज रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला, तो अशा हिशेबाने की काँग्रेसने निर्णय घेईपर्यंत 30 सप्टेंबर उलटेल, आर्थिक वर्ष संपेल आणि पैसा आपोआप बाद होईल. न्यायालयात दाद मागितली ती मदतीवर चालणाऱ्या संस्थांनी. 26 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सुमारे 4 अब्ज तूर्तास रोखून ठेवायला सरकारला मुभा दिली. चार दिवसांनी वर्ष संपलं.