जुन्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेऱ्या) तबकड्यांवरच्या शास्त्रीय गायनाचं 'रिमास्टर' (जुनं मुद्रण साफ करून काढलेली नवी प्रत) मूळ तबकडीपेक्षा खरंच चांगलं ऐकू येतं का?

शब्द आणि ताना स्पष्ट होतात, पण आवाजाचा पोत बरेचदा मरतो. त्यामुळे सरसकट 'हो' म्हणता येणार नाही. तबकडीची खरखर आणि तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता गुंजार) यांच्या वारंवारता एकमेकींत मिसळलेल्या असतात. खरखर जोरात गाळली की तानपुरा अंधुक होतो आणि 'स' हे अक्षर उच्चारतानाची धार बोथट होते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली मुद्रणं ऐकून बघा. जरा खरखर ठेवलेल्या प्रतीत त्यांचा बारीक, सुरेल आवाज हवेत तरंगतो, अति धुतलेल्या प्रतीत तोच टेलिफोनवरून आल्यासारखा. दुसरी भानगड वेगाची. 'अठ्ठ्याहत्तर' हा आकडा नावापुरता. सुरुवातीच्या तबकड्या कमी-जास्त वेगाने मुद्रित व्हायच्या. ७४ फेऱ्यांवर घेतलेलं गाणं ७८ वर वाजवलं तर जवळपास एक श्रुती (स्वरांमधलं बारीक अंतर) नव्हे, चक्क अर्धा स्वर चढतं, आणि पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गायक तिच्या वरच्या पांढरी दोनवर जाऊन बसतो! वेग न तपासता केलेलं रिमास्टर माझ्या मते बादच.

घेण्याआधी एवढं बघा:
- दोन ओळींच्या मधल्या शांततेत तानपुरा ऐकू येतो का
- तबला ठपठप वाजतो की घुमतो

एलपीच्या (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांच्या) काळातल्या गाण्यांना हे तितकंसं लागू नाही. तिथे मूळ टेप सुस्थितीत असेल तर रिमास्टर तबकडीपेक्षा सरस निघू शकतं, फक्त आवाज उगाच मोठा करून चढ-उतार सपाट केलेले नसावेत.