गुडघा बदलला, मग हे गुण कसले?

प्रश्न : आईचा गुडघा बदलून सहा महिने झाले. एक्स-रे उत्तम आहे, तरी तिच्याकडून बारा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. गुण १९ वरून ३८ झाले म्हणे. म्हणजे काय?

उत्तर : एक्स-रेत सांधा नीट बसलेला दिसतो, जिना उतरताना कळ येते का, ते दिसत नाही. ते आईच सांगू शकते. हा ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ असावा, म्हणजे गुडघ्याचं दुखणं आणि हालचाल यांबद्दल पेशंटनेच भरायचा फॉर्म (नी म्हणजे गुडघा). गेल्या चार आठवड्यांबद्दलचे १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४८. जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. साधारण ५ गुणांचा फरक पेशंटला जाणवतो असं मानतात. १९ गुणांची वाढ खरोखरच मोठी आहे!

मात्र १९९८ सालच्या मूळ पद्धतीत गुण १२ ते ६० होते आणि कमी गुण चांगले. जुना कागद असेल तर तो आकडा ६० मधून वजा करून मगच तुलना करा, नाहीतर सुधारणा उलटी दिसेल.

फॉर्म आईलाच भरू द्या. शेजारून “अगं, आता कुठे दुखतंय?” म्हटलंत की उत्तर बदललंच. गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, हा प्रश्न हमखास कोरा राहतो, कारण ऑपरेशननंतर तसं करून पाहिलेलंच नसतं. एक-दोन उत्तरं राहिली तर बाकीच्यांची सरासरी धरतात. त्याहून जास्त राहिली तर बेरीज करूच नये. आणि कंबर किंवा खुबा दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानेही गुण घसरतात.