गाडीच्या स्पार्क प्लगचा योग्य गॅप किती, हे कसं शोधायचं?

गॅप म्हणजे प्लगच्या टोकाला दोन इलेक्ट्रोडांमधली फट, जिथे ठिणगी उडते. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरही आकडा असतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत गॅप 0.7 ते 1.1 मिमीच्या आसपास निघतो, पण अंदाजाने ठेवू नका. टर्बो असेल तर तो सहसा कमी असतो, कारण दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं.

प्लगच्या नंबरातही उत्तर दडलेलं असतं. एनजीके या कंपनीच्या प्लगवर नंबराच्या शेवटी -11 असेल तर 1.1 मिमी.

'नवा प्लग सेट करूनच येतो' यावर विसंबू नका. खोका हातातून पडला तरी गॅप बदलतो. वायर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या तारांचं मापक घ्या. योग्य मापाची तार किंचित अडकत सरकली पाहिजे, पुढची जाड तार जाताच कामा नये. जुन्या, झिजलेल्या प्लगवर चपट्या पात्यांचा फीलर गेज फसवतो. कमी-जास्त करायचं तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलकेच वाकवा, मधल्या इलेक्ट्रोडला रेटा देऊ नका. इरिडियम प्लगमध्ये या मधल्या इलेक्ट्रोडचं टोक तर सुईसारखं बारीक, लगेच तुटतं. तिथे माप चुकलं तर मी सरळ दुसरा प्लग घेतो.