चांगली चाललेली विनोदी मालिका घसरायच्या आत बंद करावी का?

प्रश्न असा आहे, की वर्षानुवर्षं चालणाऱ्या विनोदी मालिका दर्जा घसरण्याआधीच थांबवाव्यात का.

काही थांबवाव्यात, काहींना अजिबात गरज नाही. कुठली मालिका कशात मोडते हे बहुतेक वेळा पहिल्या पाच-सहा भागांतच कळतं. ‘घसरायच्या आत’ हा निकष मात्र कामाचा नाही. प्रेक्षकाला घसरण जाणवते तेव्हा ते भाग लिहून झाल्याला काही महिने उलटलेले असतात आणि पुढचे कित्येक तयार होऊन पडलेले असतात. लिहिणाऱ्यांना ती दिसणं त्याहून अवघड, कारण टेबलाभोवती बसून एकमेकांना हसवणं त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत जमतच असतं.

म्हणून मालिका कशावर चालते ते आधी पाहावं. एखादीच्या पोटात एक प्रश्न असतो: या दोघांचं जमणार का, हा माणूस सुटणार का. दुसरीच्या पोटात फक्त परिस्थिती असते: न पटणारी पाच माणसं एका जागी अडकली आहेत आणि त्यातलं कुणीच सुधारणार नाही. प्रश्नावर चालणाऱ्या मालिकेला उत्तर द्यावंच लागतं आणि उत्तर लांबवलं की पाणी घालावं लागतं. परिस्थितीवर चालणारीला ही सक्ती नसते.

‘हाऊ आय मेट युवर मदर’चं उदाहरण घ्या (शेवट माहीत नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा). २००५ ते २०१४, नऊ सीझन, २०८ भाग. टेड नावाचा बाप मुलांना गोष्ट सांगतोय, तुमची आई मला कशी भेटली. मालिका लांबली तर मुलांची कामं करणारी पोरं मोठी दिसतील, म्हणून त्यांच्या तोंडचा शेवटचा प्रसंग २००६ च्या सुमारासच चित्रित करून ठेवला होता. आई वारली आहे आणि बाप पुन्हा जुन्या प्रेयसीकडे, रॉबिनकडे जातो, असा तो शेवट. तीन-चार वर्षांत उरकलं असतं तर तो शोभलाही असता. पण मधल्या काळात त्याच लेखकांनी टेड आणि रॉबिनचं का जमत नाही हे पुन्हा पुन्हा दाखवलं, रॉबिनचं टेडच्याच मित्राशी, बार्नीशी लग्न ठरवलं आणि नववा सीझन जवळजवळ संपूर्ण त्या एका लग्नाच्या शनिवार-रविवारवर खर्च केला. शेवटच्या भागात ते लग्न काही मिनिटांत मोडलं. आठवा सीझन संपता संपता जिला चेहरा मिळाला आणि जी लोकांना चटकन आवडली, ती आईही गेली.

इथे शेवट आधी ठरवणं ही चूक नव्हती. तो आठ वर्षं डब्यात पडून होता आणि तोवर बाहेरची माणसं बदलली होती, हे चुकलं. अशा मालिकेने शेवट ठरवताना किती भागांनंतर, हेही ठरवायला हवं. ‘द गुड प्लेस’ने (२०१६ ते २०२०) ते केलं. चौथा सीझन शेवटचा, हे तो सुरू होण्याआधीच जाहीर झालं आणि गोष्ट संपली तिथे मालिका संपली.

आता दुसरी जात. ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ २००५ पासून चालू आहे. एक बार आणि तो चालवणारी कमालीची स्वार्थी टोळी. कुणी शिकत नाही, कुणी शहाणं होत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी पाटी कोरी. तिथे भागही कमी असतात. अलीकडच्या सीझनमध्ये तर आठच. ‘कर्ब युवर एन्थुझियाझम’ २००० ते २०२४ चालली, पण भाग झाले १२०, आणि मध्ये २०११ ते २०१७ चक्क सुट्टी. वर्षं मोजून मालिकेचं वय कळत नाही, भाग मोजावे लागतात.

तो हिशेब करून पाहा. जाहिराती वगळून बावीस मिनिटांच्या भागात साधारण दोन ते तीन गोष्टी असतात: एक मुख्य, एक उपकथा, कधी एक चिमुकली तिसरी. वर्षाला चोवीस भाग म्हणजे साठेक गोष्टी. ‘फ्रेंड्स’चे दहा सीझनमध्ये २३६ भाग झाले, म्हणजे सहाशेच्या आसपास गोष्टी, त्याही त्याच सहा माणसांच्या. ‘फॉल्टी टॉवर्स’चे एकूण भाग बारा, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. तिच्या नावाने ‘वेळेत थांबावं ते असं’ म्हणणाऱ्यांनी ही तुलना करून पाहावी. बारा भागांनंतर थांबणाऱ्यावर घसरायची वेळ येतेच कुठे?

भागांच्या संख्येनंतर घसरणीचं दुसरं कारण म्हणजे लिहिणारी माणसं जाणं. ‘फ्रेझर’ (१९९३ ते २००४) सातव्या सीझननंतर उतरली. लोक म्हणतात नाइल्स आणि डॅफ्नी या पात्रांचं अखेर जमलं म्हणून. ते अर्धंच खरं आहे. ख्रिस्तोफर लॉइड आणि जो कीनन हे मुरलेले लेखक त्याच सुमारास बाहेर पडले होते. अकराव्या आणि शेवटच्या सीझनला ते परतले आणि मालिका स्वच्छ सावरली. जोडपं तेच, नट तेच. ‘कम्युनिटी’मध्ये मालिकेचा कर्ता डॅन हार्मन यालाच तिसऱ्या सीझननंतर काढलं, चौथा त्याच्याविना झाला, पाचव्याला परत बोलावलं. मधला तो सीझन पाहताना माणसं तीच असूनही बोलणं कुणा भलत्याचंच वाटतं. तेव्हा एखादी मालिका ‘म्हातारी झाली’ असं वाटलं की आधी श्रेयनामावली पाहावी.

तिसरं कारण हळू चढणाऱ्या विषासारखं आहे: पात्राचा एकच गुण मोठा होत जाणं. अमेरिकन ‘द ऑफिस’मधला केविन घ्या. सुरुवातीला तो संथ बोलणारा हिशेबनीस. दुसऱ्या सीझनमध्ये कळतं की त्याने पोकरच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळवलंय, म्हणजे डोकं चालतं. चौथ्या सीझनच्या शेवटी त्याचा सहकारी ड्वाइट ऑफिसात नव्याने आलेल्या बाईंना थाप मारतो की केविन मतिमंद आहे. त्या त्याच्याशी फार जपून वागू लागतात. विनोद कशावर? थापेवर आणि त्यांच्या अवघडलेपणावर. आठव्या सीझनला येईपर्यंत केविन वेळ वाचवायला वाक्यातले शब्दच गाळतोय आणि ड्वाइटची थाप जवळजवळ खरी झालीये. हसू तेव्हाही येतं, हीच गोम. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच वर असल्याने लेखकांच्या खोलीतल्या कुणालाच ती खटकत नाही. ‘द सिम्पसन्स’मधल्या नेड फ्लँडर्सचंही असंच झालं. आधी तो होमरला हेवा वाटावा असा सगळ्याच बाबतींत सरस शेजारी होता, धार्मिकपणा त्यातली एक बाब. पुढे तेवढंच उरलं. इंग्रजीत या रोगाला त्याच्याच नावावरून ‘फ्लँडरायझेशन’ म्हणतात.

घरबसल्या तपासायचं असेल तर डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी चालेल असं वाटलं, तर सगळेच विदूषक झालेत आणि वैतागून बघणारं सरळ माणूस उरलेलं नाही. पाहुणे कलाकार, परदेशवारी, अचानक आलेलं बाळ ही लक्षणं फार उशिरा दिसतात. ‘हॅपी डेज’मध्ये फॉन्झी या पात्राने शार्कवरून उडी मारली ती १९७७ मध्ये. घसरणीला ‘जम्प द शार्क’ हा शब्द त्यावरूनच आला. पण मालिका त्यानंतरही १९८४ पर्यंत चालली आणि उडीच्या त्या वर्षी तर अमेरिकेत लोकप्रियतेत दुसरी होती. दर्जा आणि प्रेक्षकसंख्या एकत्र खाली येत नाहीत, मग निर्माता कशाला थांबेल? शिवाय अमेरिकेत पुनःप्रक्षेपणाचे हक्क नीट विकायला शंभरेक भाग लागायचे, त्यामुळे शंभराच्या अलीकडे कुणी हात सोडत नसे. पलीकडे नटांचं मानधन आवरतं घ्यायला लावतं. ‘फ्रेंड्स’च्या शेवटच्या दोन सीझनला सहाही जणांना भागाला प्रत्येकी दहा लाख डॉलर मिळत होते.

रोज लागणाऱ्या मालिकेला यातलं फारसं लागू होत नाही. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ जुलै २००८ पासून चालू आहे आणि भाग चार हजारांच्या पुढे गेलेत. तिथे एक गोष्ट आठवडाभर पुरवायची असते, म्हणून एका बातमीवर सोसायटीतल्या प्रत्येकाचा चेहरा दाखवावाच लागतो. २०१७ मध्ये दयाबेन करणाऱ्या दिशा वाकाणी रजेवर गेल्या, ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली, तरी मालिका थांबली नाही. लोक ती विनोदासाठी कमी आणि सोबतीसाठी जास्त लावतात. सोबतीला घसरणीचा निकष लावून काय करणार?

आणि ‘मग मी कुठे थांबू’ असं विचाराल, तर: अमेरिकन ‘द ऑफिस’ सातव्या सीझनमध्ये साहेब मायकल जातो तिथपर्यंत, मग थेट शेवटचा भाग. ‘स्क्रब्ज’ आठव्या सीझनपर्यंतच. त्याचा शेवट हाच खरा शेवट, नववा वेगळीच मालिका समजा. ‘कम्युनिटी’चा चौथा गाळा. ‘फ्रेझर’च्या आठ ते दहामध्ये कंटाळलात तर सोडू नका, सरळ अकराव्यावर जा.